पट्टा लागतो

होममध्ये तिला खोडरबर म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव फिरत फिरत शेवटी ज्याचं त्याच्या कानावर येतंच, तसं ते तिच्याही कानावर आलं होतं. तिला त्याचा राग आला नव्हता. एप्रनच्या खिशात तिच्याकडे खरोखरच एक खोडरबर असे, झिजून शेंगदाण्याएवढं झालेलं, आणि कानामागे पेन्सिल. कुणी काही लिहिलं की ती वाचणार, कपाळाला आठी घालणार आणि खोडणार.

होम म्हणजे वृद्धांचं शुश्रूषागृह. लांब व्हरांडे, भिंतीला धरून चालायचे दांडे, आणि जमीन इतकी गुळगुळीत की चाकांच्या खुर्च्या आवाज न करता येऊन पाठीशी उभ्या राहत. इथल्या माणसांना एकेकटा आजार नव्हता, आजारांचा गोतावळा होता. एखाद्याला मधुमेह, त्यात अर्धांगवायू, त्यात विसराळूपणा. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याच्या मुळावर येई. म्हणून प्रत्येकाचा एक आराखडा असे. काय खातात, कसं गिळतात, कुठल्या कुशीवर झोपवायचं, कशाला घाबरतात, सगळं त्यात. ती इथली नर्स, पण गेली कित्येक वर्षं तिच्याकडे मुख्य काम हेच: आराखडे खरे ठेवायचे. वाटतं तितकं ते सोपं नाही. माणूस रोज थोडा बदलतो, आणि कागद ढिम्म हलत नाही.

लिहिण्याच्या बाबतीत तिचा हा कडकपणा माहेरचा. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतल्या चुकाही ते तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करत, आणि वर लग्नाला जाऊन मुलीच्या बापाला सांगत. तिच्या आईला तोंड लपवायला जागा पुरत नसे. लेकीने तीच पेन्सिल घेऊन नर्सिंग केलं, एवढंच.

काही शब्दांना तिने आराखड्यात बंदी घातली होती. ‘नीट’ नको, नीट म्हणजे कसं? ‘थोडं’ नको, कुणाच्या हिशेबाने थोडं? सगळ्यात जास्त दात ‘परवा’वर. एकदा एका आजोबांच्या पाठीच्या जखमेबद्दल कुणीतरी लिहून ठेवलं, ‘ड्रेसिंग परवा’. एकीने वाचलं, परवा झालंय. दुसरीने वाचलं, परवा करायचंय. दोघी आपापल्या जागी निर्धास्त आणि जखम वाऱ्यावर. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. आपली भाषा दोन्हीकडे तोंड करून बोलते, असं ती मदतनिसांना सांगे. वार लिहा, वेळ लिहा, आणि बोलतो तसं लिहू नका. हे तिने भिंतीवरही लावून ठेवलं होतं. मदतनिसांनी चिठ्ठीवर काही खरडून दिलं की ती ते स्वच्छ, एकाच अर्थाच्या, पुस्तकी मराठीत उतरवून काढी. त्यात तिला सुखही वाटे.

आणखी एक पद्धत तिची स्वतःची होती. आराखड्यात काही बदललं की ती फाइल घेऊन त्या माणसाच्या खोलीत जाई आणि त्याला ते वाचून दाखवी. समोरच्याला कळो न कळो. ‘त्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना नको का माहीत?’ असं ती म्हणे. नव्या मदतनीस तोंडावर हात ठेवून हसत. तिने हसू दिलं, पण वाचायचं सोडलं नाही.

व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पोस्टातले आजी-आजोबा राहत. दोघांची सगळी नोकरी पोस्टात गेली, आजोबांची मागे टपाल निवडण्यात आणि आजींची पुढे खिडकीवर. आजोबांचं हृदय थकलेलं, पाय सुजलेले, चाकांच्या खुर्चीशिवाय हलणं नाही. कानात यंत्र होतं, पण संध्याकाळचं जेवण झालं की ते काढून डबीत ठेवत, कारण ते शीळ घालतं म्हणे. आजींना पक्षाघात झालेला. उजवा हात मुडपून छातीशी आलेला, पाणी घट्ट करून द्यावं लागे, रक्तातली साखर कधी वर कधी खाली, आणि बोलणं गेलेलं.

अगदीच गेलं नव्हतं. एक शब्द उरला होता, ‘पार्सल’. भूक लागली की पार्सल, खिडकी लावा म्हणजे पार्सल, बरं वाटलं तरी पार्सल. आजोबांनी चहा सांडला की असं काही ‘पार्सल’ येई की पलीकडच्या खोलीतल्यांनाही कळे की चहा सांडला. आजोबा म्हणत, “आधी सगळ्या गावाला खिडकीतून ऐकवायची, आता ती सगळी डाक एकट्या माझ्या पत्त्यावर येते.” दोघांचे पलंग शेजारी शेजारी होते. आजींचा चांगला हात, म्हणजे डावा, आजोबांच्या बाजूला येईल असे ते खोडरबरनेच लावून घेतले होते. तसं आराखड्यात लिहिलंही होतं.

अलीकडे आजी संध्याकाळनंतर बिथरू लागल्या होत्या. दिवसा ठीक. पण दिवेलागणीनंतर ओरडायच्या, उजवा हात पलंगाच्या दांड्यावर आपटायच्या, आणि कुणी जवळ आलं की डाव्या हाताचा फटका. एका मदतनीस बाईचा ओठ फुटला. डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं, झोपेची गोळी सुरू केली. त्याने झालं एवढंच की आजी दिवसा पेंगू लागल्या आणि संध्याकाळी पुन्हा तेच. फाइलमध्ये एक नवा मथळा आला: ‘संध्याकाळी आक्रमक वर्तन’.

होमचे व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खोलीत बोलावून घेतलं, आधी खुर्ची दिली, मग विषय काढला.

“मला आजींची काळजी नाही असं समजू नका. पण ओठ फुटलेल्या बाईला मी काय सांगू? मनाने चांगल्या आहेत म्हणून?”

“नाही सर.”

“पलीकडच्या इमारतीत एक जागा होतेय. तिथे एका माणसामागे एक माणूस असतो. शुक्रवारी बैठकीत ठरवून टाकू.”

पलीकडची इमारत रस्त्याच्या पलीकडे होती. दारांना कुलपं, खोल्या एकेकट्यांच्या. जोडप्यांची तिथे सोय नव्हती. आजोबांना भेटायला न्यायचं तर खुर्ची ढकलत रस्ता ओलांडायचा, आणि त्यासाठी रोज कुणाचे हात मोकळे असणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सुरुवातीला रोज, मग आठवड्याला, मग आजोबांना बरं नसेल तेव्हा नाहीच.

ती खोलीत गेली तेव्हा आजी पेंगत होत्या. आजोबांनी तिला खुणेने जवळ बोलावलं. होममध्ये कुठलीही बातमी रुग्णांना सगळ्यात शेवटी सांगतात आणि सगळ्यात आधी कळते.

“बाई, शुक्रवारी तिला हलवायचं ठरणार आहे ना?”

तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

“ती माझ्यावर चिडलीय का हो?” आजोबा म्हणाले. “संध्याकाळी मला ऐकू येत नाही, पण तोंड दिसतं. माझ्याकडे बघूनच ओरडते. मी तिचा हात धरायला गेलो तर झिडकारते. माझं काही चुकलं असेल तर विचारा तिला. मला नीट कळत नाही आता.”

‘नीट’ हा शब्द त्या दिवशी तिला खोडावासा वाटला नाही. तिने आजींची सगळी फाइल बसून वाचून काढली. औषधं, जेवण, गिळणं, कातडी, झोप. प्रत्येक ओळ जागच्या जागी, प्रत्येक वाक्याला एकच अर्थ. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि म्हणूनच तिचा धीर सुटत चालला. आराखडा बरोबर असेल तर मग आजीच बदलल्या असं म्हणावं लागणार होतं.

घरी वेगळंच प्रकरण चालू होतं. सासूबाईंना नवा चष्मा आणला होता, आणि आल्यापासून त्यांची एकच भुणभुण.

“हा चष्मा लागतो गं.”

“लागणारच आई. वय झालं आता.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा, “चष्मा लागतो.” तिने पुन्हा तीच समजूत घातली, वर डोळ्यांच्या व्यायामाबद्दल दोन वाक्यं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी चहाचा कप बाजूला सारला, चष्मा काढला आणि टेबलावर तिच्यासमोर आपटला.

“होममधल्या म्हाताऱ्यांचंही असंच ऐकतेस का? लागतो म्हणजे कानामागे लागतो. रुततो. बघ.”

तिने पाहिलं. कानामागे लालभडक वळ होता. तिला आधी हसू फुटलं, आणि सासूबाईंनाही, कारण त्या काही दीर्घद्वेषी नव्हत्या. “मला वाटलं, तुम्ही म्हणताय चष्म्याची गरज आहे,” ती म्हणाली.

“गरज आहे हे मला कळत नाही? डोळे माझे आहेत.”

आणि मग तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. लागतो. चष्मा लागतो. भूक लागते, ठेच लागते, ठसका लागतो, डोळा लागतो. औषध लागतं म्हणजे हवं असतं, आणि बूट लागतो म्हणजे नको असतो. जन्मापासून हा शब्द तोंडात आहे आणि त्याला दोन तोंडं आहेत हे कधी ध्यानातच आलं नाही. ‘परवा’वर पहारा बसवला होता, आणि हा त्याच्या शेजारून रोज आत-बाहेर करत होता.

तिला चिठ्ठी आठवली. आजींच्या उजव्या हाताला एक पट्टा होता, प्लॅस्टिकच्या साच्याचा, बोटं मुडपू नयेत म्हणून. व्यायामाचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत, त्यांनी तो दिवसा थोडा वेळ बांधायला सांगितला होता. मग एका संध्याकाळी मदतनीस बाईची चिठ्ठी आली. तिला सगळे झपाटा म्हणत, कारण एका दमात ती चार पलंगांच्या चादरी बदले आणि चिठ्ठ्याही तशाच लिही. चिठ्ठीत एवढंच होतं: ‘आजींना रात्री पट्टा लागतो.’ ते तिने स्वच्छ करून उतरवलं होतं: ‘रात्री हाताचा पट्टा बांधणे आवश्यक. सकाळपर्यंत काढू नये.’ डॉक्टरांना फोन करून विचारायचं तिने तेव्हा ठरवलं होतं. ते रजेवर होते. मग ते राहूनच गेलं.

सकाळी एप्रन न चढवताच तिने झपाटाला गाठलं. ती चादरी मोजत होती.

“तू त्या पट्ट्याबद्दल लिहिलं होतंस. लागतो म्हणजे काय लिहायचं होतं तुला?”

“लागतो म्हणजे लागतो, ताई. टोचतो. कधी काढायचा राहिला तर रात्री आजी ओढून काढायला बघायच्या, म्हणून लिहिलं.” तिने चादर खाली ठेवली. “का हो?”

“मग मी तो रात्रभर बांधायला लिहिलं तेव्हा तू काही बोलली नाहीस?”

“माझी त्याच आठवड्यात सकाळची पाळी लागली. मी सकाळी येते तेव्हा पट्टा काढून ठेवलेला असतो. संध्याकाळच्या सगळ्या नव्या आहेत, त्या फाइलमध्ये बघून करतात.” आणि मग जरा अडखळत, “आणि मी वाचलं असतं तरी म्हटलं असतं, ताईंनी लिहिलंय म्हणजे डॉक्टरांना विचारूनच लिहिलं असणार.”

झपाटाने हे काही तिला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण तिच्या मनाला ते लागलं. कुठल्या अर्थाने लागलं, हे त्या वेळी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. जेवणं झाल्यावर नवी मदतनीस पट्टा घेऊन आली, फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे, वेळेवर, अगदी मनापासून. आजींनी पट्टा पाहिला आणि अंग चोरलं. खोडरबरने तिला थांबवलं आणि आजींचा मुडपलेला हात आपल्या हातात घेतला. तो सुजलेला होता. दिवसभर खुर्चीत बसून हाताला संध्याकाळी सूज येई आणि आडवं झाल्यावर सकाळपर्यंत ती उतरे. कातडीची तपासणी रोज सकाळी आंघोळीच्या वेळी. तेव्हा हात बारीक, पट्टा सैल, सगळं ठीक. अंगठ्याच्या मुळाशी लाली दिसे, पण ती हात आपटल्याची असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनेही. आता दिव्याखाली बघितलं तर ती लाल रेघ पट्ट्याच्या कडेशी तंतोतंत जुळत होती.

आणि तिला दुसरं आठवलं, ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. हा बदल केला तेव्हाही ती रिवाजाप्रमाणे इथे येऊन वाचून गेली होती. ‘रात्री हाताचा पट्टा बांधणे आवश्यक.’ आजी तेव्हा मोठ्याने ‘पार्सल’ म्हणाल्या होत्या, दोनदा. आजोबांचं यंत्र डबीत होतं, ते हसून मान डोलावत होते. आणि तिने खाली लिहिलं होतं, ‘वाचून दाखवले. प्रतिसाद दिला.’

“आजी,” ती म्हणाली, “तुम्ही मला सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली.”

आजींनी तिच्याकडे पाहिलं. फटका आला नाही. हात त्यांनी तिच्याच हातात राहू दिला, आणि अगदी हळू, खिडकीवर शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर म्हणावं तसं, म्हणाल्या, “पार्सल.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नव्या मदतनीस बाईला दिसलं, पण खोडरबरला ते लपवावंसं वाटलं नाही.

तिने तिथूनच व्यायामाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, मी येऊन साचा बघेपर्यंत पट्टा पूर्ण बंद, हाताखाली उशी द्या. ती संध्याकाळ शांत गेली. दुसरी संध्याकाळही. आजी आपल्या डाव्या हाताने आजोबांचा हात धरून झोपल्या, आणि आजोबांना काय झालं ते कळलं नाही, फक्त राग गेला एवढं कळलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं आणि परत आला तर, अशी भीती त्यांना वाटत असावी.

शुक्रवारच्या बैठकीत तिने कुणाला बोलायला अवसर दिला नाही. सासूबाईंच्या चष्म्यापासून सुरुवात केली, तेव्हा डॉक्टर हसले. चिठ्ठीवर आली तेव्हा हसायचे थांबले. ती म्हणाली, “चिठ्ठी बरोबर होती. मी तिला दुरुस्त करून चुकीची केली. आजींनी मारलं, कारण त्यांचा हात रोज रात्री दुखत होता आणि सांगायला त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. आक्रमक वर्तनाचा मथळा मी काढतेय. ही चूक माझ्या नावाने नोंदवा.”

नोंद तर घालावीच लागणार होती, आणि व्यवस्थापकांनी ती घातली. झोपेची गोळी डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद केली. ओठ फुटलेल्या बाईला स्वतः जाऊन सांगायचं खोडरबरने कबूल केलं. पलीकडच्या इमारतीतली जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलं. महिनाभर लक्ष ठेवू, व्यवस्थापक म्हणाले, आणि उठताना तिला थांबवून विचारलं, “आणखी कुठल्या फाइलीत असं असेल?”

“तेच शोधतेय सर,” ती म्हणाली. ते खरं होतं. तिने सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या होत्या, आणि आता ती त्या ज्याने लिहिल्या त्याच्यासमोर बसून वाचत होती. बोलतो तसं लिहू नका, हा नियम तिने भिंतीवरून काढून टाकला.

दुपारी ती आजी-आजोबांच्या खोलीत गेली. आधी आजोबांच्या कानात यंत्र आहे ना ते बघितलं. झपाटा पलंगाची चादर ताणत होती. खोडरबरने खुर्ची ओढली, दोघांना दिसेल अशी फाइल धरली आणि सावकाश वाचायला लागली.

“हाताचा पट्टा सध्या बांधू नये. संध्याकाळी हाताला सूज येते, पट्टा रुततो आणि दुखतो. संध्याकाळी आजी ओरडल्या तर आधी त्यांचा हात बघावा.” तिने आजींकडे बघितलं. आजींनी काही हरकत घेतली नाही. “पार्सल या शब्दाचा अर्थ आवाजावरून कळतो. मोठ्याने दोनदा म्हटल्यास नको असा अर्थ घ्यावा. पलंग आजोबांच्या शेजारीच ठेवावा. आजींना आजोबा लागतात.”

झपाटाचे हात चादरीवर थांबले. “ताई, लागतात? हा शब्द बंद ना आता? उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू, हवे असतात की दुखतात?”

खोडरबरने जीभ चावली. ते वाक्य लिहिताना हाताने आपसूक लिहिलं होतं. तिने खिशात हात घातला, शेंगदाण्याएवढं ते रबर काढलं आणि कागदावर टेकवलं.

“राहू द्या बाई,” आजोबा म्हणाले. त्यांनी आजींचा डावा हात हातात घेतलेला होता, आणि डोळे पुसायला दुसरा होता, पण तो त्यांनी वापरला नाही. “दोन्ही अर्थांनी बरोबर आहे ते. हिला विचारा हवं तर.”

“पार्सल,” आजी म्हणाल्या. एकदाच, हळू.

खोडरबरने रबर परत खिशात ठेवलं आणि खाली लिहिलं, ‘दोघांना वाचून दाखवले. दोघांना मान्य.’